वाटीतले पाच वाल

कोणाला काही पटवून द्यायची वेळ आली की मला अजून भीती वाटते. डहाणूच्या ज्या शाळेत मी ग्रंथालय सांभाळते, तिथे एखादी मुलगी पुस्तक हातात धरून विचारते, "बाई, हे घेऊ का? चांगलं आहे?" तेवढ्यालासुद्धा मी चटकन हो म्हणत नाही. "चाळून बघ, तूच ठरव," असं सांगते. मुलींना वाटतं, बाई फार मोकळ्या मनाच्या आहेत. तसं काही नाही. माझ्या सांगण्यावरून माझे वडील घर सोडून अंगणात राहायला गेले आणि त्या घरात पुन्हा राहायला आले नाहीत, एवढंच.

ही गोष्ट २०१८ च्या दिवाळीनंतरची. आमचं घर तलासरीच्या पूर्वेकडच्या टेकाडांत, एका पाड्यावर आहे. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात मी आणि बाबा, दोघंच. मी रोज जीपने डहाणूला जायची आणि दिवस मावळायच्या आत परत यायची. बाबा गवंडी होते. सत्तरी ओलांडल्यावर काम सुटलं होतं, पण रानशेतपासून झाईपर्यंत त्यांच्या हातच्या भिंती उभ्या होत्या, आणि रस्त्याने जाताना ते त्या मला ओळखीची माणसं दाखवावीत तशा दाखवत. आमचं घरही त्यांनीच बांधलेलं. मातीत रचलेली वीट, वरून गिलावा, त्यावर कौलं. बांधलं तेव्हा आई विटा उचलून द्यायला होती.

धक्के सुरू झाले तेव्हा आधी आवाज यायचा. जमिनीखालून खडीने भरलेला ट्रक जावा तसा. मग मांडणीवरची भांडी वाजायची, कोंबड्या उडून कुडावर बसायच्या, आणि तोवर संपलेलं असायचं. कधी दिवसातून एकदा, कधी चार वेळा. कधी आठवडाभर काहीच नाही, आणि ते जास्त वाईट. मी ग्रंथालयात खुर्ची सरकल्याच्या आवाजाने उभी राहू लागले. पुस्तकाचं एकच पान तीनतीनदा वाचू लागले. मला घाबरायला होतं हे कोणाला सांगायची लाज वाटायची, कारण घरात बाबा अगदी शांत होते.

त्यांनी काय केलं, तर आढ्याला ओळंबा टांगला. ओळंबा म्हणजे दोरीला बांधलेलं पितळी वजन. भिंत सरळ चालली आहे की नाही हे गवंडी त्यावरून बघतात. आमच्याकडे तो आता भूकंप बघायला टांगला होता. धक्का आला की तो हलायचा आणि बाबा भाकरीचा घास हातात धरून त्याच्याकडे बघत बसायचे.

"थांबला. जेव आता," ते म्हणायचे.

मला मात्र तो थांबलेला कधी दिसलाच नाही. वारा नसतानाही तो किंचित हलतो आहे असं वाटायचं.

जानेवारीत मुंबईहून एक मानसशास्त्रज्ञ बाई आल्या. माणसाचं मत कशाने बदलतं, यावर त्यांचं बरीच वर्षं काम चाललेलं होतं. आमच्या भागात त्यांना बघायचं होतं ते असं, की कच्च्या भिंतींच्या घरात झोपू नका हे लोकांना कसं सांगितलं तर पटतं. पडक्या घरांचे फोटो दाखवून, की नुसतं काय करायचं ते सांगून, की आणखी कशाने. पाड्यावरची बोली समजणारं कोणीतरी त्यांना हवं होतं. शाळेतून माझं नाव सुचवलं गेलं आणि शनिवार-रविवारी मी त्यांच्याबरोबर घरोघर फिरू लागले. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. दिवसभर धक्क्याची वाट बघत बसण्यापेक्षा कोणाबरोबर चालणं बरं.

त्यांच्याकडे छापील कागद होता. त्यावर पाच चौकोन. 'अजिबात पटत नाही' इथून सुरू होऊन 'पूर्णपणे पटतं' इथपर्यंत. पहिल्याच घरी कळलं की कागद चालणार नाही. ज्यांना वाचता येत नव्हतं ते संकोचले, आणि ज्यांना येत होतं ते घाबरले, की सरकारी कागद आहे, सही कशाला करायची. तेव्हा बाईंनी एक युक्ती काढली. स्टीलची एक लहान वाटी आणि पाच वाल. जेवढं पटलं तेवढे वाल वाटीत टाकायचे. काहीच पटलं नसेल तर वाटी रिकामी परत द्यायची. वाटी पुढे धरायचं आणि हे समजावून सांगायचं काम माझं.

लोकांना ते आवडलं. बायका हसायच्या, आपसांत बोलायच्या, वाल निवडून टाकायच्या. एकही वाटी रिकामी आली नाही. जीपमध्ये बसल्यावर बाई वहीत आकडे लिहीत म्हणाल्या, "थोडं का होईना, प्रत्येकाला पटतंय. मी इतकी आशा केली नव्हती." मलाही तसंच वाटलं. मी त्याच पाड्यावर वाढलेली, आणि तरी मलाही तसंच वाटलं.

आमच्या घरी त्या आल्या तेव्हा शेजारची काकी आधीच येऊन बसली होती. काकी बाबांच्या बरोबरीची, एकटी राहणारी, बोलायला धारदार. बाईंनी दुसरीकडच्या पडलेल्या घरांचे फोटो बाबांपुढे ठेवले. एका फोटोत भिंतीखाली कोणाची तरी चप्पल दिसत होती. मी तो फोटो कधी पूर्ण बघितला नाही.

बाबांनी तो डोळ्यांजवळ नेला. "ही कोणी बांधली?"

"ते नाही माहीत," बाई म्हणाल्या.

"ते आधी विचारायचं ना. ही भूकंपाने पडलेली नाय. ही बांधली तेव्हाच पडलेली. कोपऱ्यात सांधाच नाय घातलेला. आळशी माणूस."

"झालं," काकी म्हणाली. "आता हा भूकंपालापण नापास करणार."

"तू गप. तुझी मागची भिंत कोणी बांधली?"

"तूच बांधली. म्हणून तर मला झोप लागत नाय."

बाईसुद्धा हसल्या. मी वाटी पुढे धरली आणि विचारलं, "घराबाहेर झोपावं हे तुम्हाला किती पटतं?"

"पटतं कोणाशी?" बाबा म्हणाले. "या पोरीशी माझं पटतं. तुमच्याशी बघू, बाई, तुम्ही आत्ताच आल्या." मग त्यांनी एक वाल टाकला. काकीने तीन टाकले, आणि म्हणाली की याच्या भिंतीसाठी तीन.

बाईंना जीपपर्यंत सोडायला गेले तेव्हा, ती सुटायची वाट बघत असताना, मी विचारलं, "इतके फोटो बघूनही काही होत नाही. असं का?"

त्या चिकू सोलत होत्या. म्हणाल्या, "फार घाबरवलं की माणूस धोक्याकडे बघत नाही, तोंड फिरवतो. भीतीबरोबर त्याच्या हाताला काहीतरी करण्यासारखं द्यावं लागतं. 'पडेल' एवढंच सांगून चालत नाही. 'पडेल, म्हणून हे कर' असं सांगावं लागतं."

"आणि ज्याला ऐकायचंच नाही?"

"त्याला ऐकवायचं नाही. त्यालाच दुसऱ्यांना सांगायला लावायचं. चारचौघांत माणूस आपल्या तोंडाने जे बोलतो, हळूहळू तो त्याच बाजूला सरकतो. दुसऱ्याला पटवताना स्वतःला पटवतो."

त्यांनी हे सहज सांगितलं आणि चिकूची अर्धी फोड मला दिली. मी ते मनात ठेवलं.

त्याच आठवड्यात एका दुपारी, शाळेला सुट्टी होती म्हणून मी घरी होते. बाबा जेवून उठले, मागच्या दारी हात धुवायला गेले, परत आले आणि खाली टेकले. तेवढ्यात आवाज आला. हा वेगळा होता. ट्रक खालून गेला नाही, तो घराखाली येऊन थांबल्यासारखा वाटला. ओळंबा झोका घेऊन भिंतीवर आपटला आणि गिलाव्याचा टवका उडाला. मागच्या दारी कौलांची आख्खी ओळ घसरून खाली आली, बरोबर जिथे ते मिनिटभरापूर्वी उभे होते तिथे. धूळ बसली तरी मी उठू शकले नाही. गुडघे धरून तशीच बसून राहिले.

"कौलं गेली," बाबा म्हणाले. "भिंत बघ. केसभर हलली नाय."

मी रडायला लागले. शेवटची कधी रडले होते ते आठवत नव्हतं. म्हटलं, "बाबा, बाहेर झोपू या." ते म्हणाले, "तू झोप, मी तुला ताडपत्री बांधून देतो." मी म्हटलं, "तुम्ही आत तर मीही आत." त्यावर ते उठून कौलं गोळा करू लागले, आख्खी वेगळी, फुटकी वेगळी.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना सांगितलं, "पाड्यावरची माणसं विचारतायत की भिंती पडतात त्या कशाने. रविवारी सगळे येणार आहेत. तुमच्याशिवाय कोण सांगणार?"

हे खोटं होतं. कोणी विचारलं नव्हतं. मीच मग चार घरी जाऊन सांगून आले की रविवारी सकाळी बाबा बोलणार आहेत, या. त्या शनिवार-रविवारी बाई मुंबईलाच होत्या.

ते बोलले तसं मी त्यांना कधी बोलताना ऐकलं नव्हतं. अंगणात दोन विटा घेऊन उभे राहिले. एकीवर एक ठेवली, वर हाताने दाबली. "असं वजन पडलं तर ही मातीतली वीट तुमच्या नातवंडांपर्यंत उभी राहील. वजन हिला कळतं." मग बाजूने बोटाने ढकलली आणि वरची वीट पडली. "हे हिला कळत नाय. आम्ही बाजूच्या धक्क्यासाठी कधी बांधलंच नाय. आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं जमीन अशी हलते म्हणून." लोक गप्प बसून ऐकत होते. एकाने विचारलं, "मग तुम्ही कुठे झोपता?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. 

"आजपासून बाहेर," ते म्हणाले.

दुपारी आंब्याला आणि दोन बांबूंना ताडपत्री बांधून आमचा तंबू उभा राहिला. संध्याकाळपर्यंत पाड्यावर आणखी सात-आठ झाले. काकीने आपला आमच्या शेजारीच लावला. पुढच्या शनिवारी बाई आल्या, तंबू बघून थक्क झाल्या. मी बाबांपुढे वाटी धरली. त्यांनी पाच वाल टाकले, एकेक करून, आणि प्रत्येक वाल टाकताना ते वाटीकडे बघत नव्हते, माझ्याकडे बघत होते. मला वाटलं, अभिमानाने बघत आहेत.

बाईंनी वहीत लिहिलं. एकाचे पाच. मी त्यांना सांगितलं नाही की हे मी घडवलं आहे. पण मला ते सांगावंसं फार वाटत होतं.

पंधरा दिवसांनी काकीची मागची भिंत पडली. भर दुपारी, धक्काही मोठा नव्हता. काकी बाहेर नागली पाखडत होती. आत जाऊन पाहिलं तर तिच्या खाटेचे दोन खूर मोडून ती विटांखाली गेली होती. काकी सूप हातात तसंच धरून उभी राहिली. मग बाबांना म्हणाली, "भाऊ, तुझ्या बोलण्याने वाचले. तुझ्या बांधण्याने मेले असते."

ती गमतीने म्हणाली. तिच्या जिभेला दुसरी रीत माहीत नव्हती. बाबांनी एक वीट उचलली, तिच्यावरची माती अंगठ्याने खरवडून काढली, बघितली, खाली ठेवली. घरी येऊन आढ्याचा ओळंबा सोडला आणि थापीच्या पिशवीत घालून ठेवला. त्यानंतर ते भिंतींबद्दल बोलले नाहीत.

आमच्याकडे पहाटे टेकाडांवरून गारठा उतरतो. ताडपत्रीच्या आतल्या बाजूने दव धरायचं आणि थेंबथेंब अंथरुणावर गळायचं. गोधडी ओली व्हायची, दिवसा वाळवायची, पुन्हा ओली. बाबांना खोकला झाला. मी आल्याचा काढा दिला. मनात म्हटलं, खोकला बरा, भिंत नको. एकदोनदा वाटलं की त्यांना आत झोपू द्यावं, पण डोळ्यांसमोर काकीची खाट यायची. मला एकाच गोष्टीची इतकी भीती वाटत होती की दुसरीकडे बघायला माझ्याकडे डोळेच उरले नव्हते. बाईंनी घरोघर वाटलेल्या सूचनांच्या कागदावर काय काय लिहिलं होतं. दार उघडं ठेवा, जड वस्तू खाली ठेवा, म्हाताऱ्यांना आधी बाहेर काढा. थंडीचा शब्द कुठेच नव्हता. आणि तो कागद बोलीत मी आणला होता, प्रत्येक ओळ मी वाचली होती.

ताप चढला तेव्हा जीप करून त्यांना डहाणूला दवाखान्यात आणलं. डॉक्टर म्हणाले, न्यूमोनिया. छाती आधीच खराब होती, आयुष्यभर सिमेंटची धूळ गेलेली. "आणि थंडी?" मी विचारलं. "थंडीनेही," ते म्हणाले, आणि पुढच्या खाटेकडे गेले.

तिसऱ्या दिवशी दुपारी बाबांना जरा बरं वाटलं. खिडकीतून ऊन पायांवर आलं होतं. मी म्हटलं, "बाबा, चूक झाली का हो आपली? पण तुम्हालाही पटलं होतं ना. तुम्ही पाच वाल टाकले."

ते थोडे हसले. हसल्यावर खोकला आला, तो थांबेपर्यंत मी पाठ चोळली.

"पाच टाकले," ते म्हणाले. "वाटी तुझ्या हातात होती, बाय."

"म्हणजे?"

"दारात आलेली वाटी रिकामी कशी पाठवायची? पहिल्यांदाही म्हणून एक टाकला. सगळ्यांनी तसंच केलं. तुझी आई असती तर भरूनच दिली असती." मग दम घेऊन म्हणाले, "मला पटलं नव्हतं. तू घाबरली होतीस. मी आत राहिलो असतो तर तूपण आत राहिली असतीस, आणि रोज तशीच बसली असतीस, गुडघे धरून. म्हणून गेलो. पटलं ते नंतर, काकीची भिंत बघून."

"आणि ते अंगणात बोललात ते?"

"ते खरंच होतं. खरं असलं म्हणून लगेच पटतं काय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले.

घर अजून उभं आहे. दाराच्या वर केसाएवढी चीर, बाकी काही नाही. मी पुन्हा आत राहू लागले, कारण बाहेर झोपायचं धैर्य झालं नाही. आत झोपायचंही नव्हतं. कधी वाटतं, त्यांना आत राहू दिलं असतं तर ते आज ओळंबा टांगून बसले असते. लगेच काकीची खाट आठवते, आणि वाटतं, नाही, बरोबर केलं. मग पुन्हा ओली गोधडी. या दोन्हींमधून मी अजून बाहेर आलेले नाही, आणि येईन असं वाटत नाही.

पुढच्या दिवाळीनंतर बाई पुन्हा आल्या. लोकांचं मत टिकलं आहे का, हे त्यांना बघायचं होतं. बाबांचं त्यांना कळलं होतं. त्या बराच वेळ माझा हात धरून बसल्या. मी त्यांना वाटीचं सांगितलं. की आमच्याकडे शेजारच्या घरून आलेलं भांडंसुद्धा धुऊन नुसतं परत देत नाहीत, दोन चिकू तरी घालतात. की आमच्यातला कोणी रिकामी वाटी देणारच नव्हता, आणि हे मला पहिल्याच दिवशी कळायला हवं होतं.

त्यांनी वही मांडीवर उघडली आणि पानांवरून हात फिरवत राहिल्या. "मला वाटलं ते मतं देत होते," शेवटी म्हणाल्या. "ते पाहुणचार करत होते."

मग त्यांनी विचारलं, रागावणार नसाल तर एक विचारू का. वाटी त्यांनी स्वतः माझ्यापुढे धरली. "घराबाहेर झोपावं हे तुम्हाला किती पटतं?"

पाच वाल माझ्या मुठीत होते. वाटी रिकामी ठेवणं मला जमत नव्हतं, आणि एकही टाकणं जमत नव्हतं. तेवढ्यात तो आवाज आला. खालून. मांडणीवरची भांडी वाजली. मी कधी उठले ते कळलं नाही; भान आलं तेव्हा आम्ही दोघी अंगणात आंब्याखाली उभ्या होतो, बाईंनी माझा दंड घट्ट पकडला होता, आणि वाल कुठेतरी सांडले होते.

मागची भिंत पुन्हा उभी करून काकी परत घरात राहायला गेली होती; ती आपल्या दारातून ओरडत होती. पायांत धड चप्पलसुद्धा नव्हती. "बाय! आत राहू काय बाहेर येऊ? तू सांग!"

 मला सांगायचं नव्हतं. पुन्हा कोणाच्या अंथरुणाबद्दल मी काही सांगणार नव्हते, हे मी दवाखान्याच्या पायऱ्यांवरच ठरवलं होतं.

"अगं, बोल की! तुझा बाप असता तर दोन विटा घेऊन आला असता!"

"बाहेर ये," मी म्हटलं. तिला ऐकू गेलं नसावं, म्हणून पुन्हा म्हटलं. "बाहेर ये, काकी. आणि गोधड्या घे. आहेत तेवढ्या सगळ्या. ताडपत्रीच्या आतून मी धोतर बांधते, दव धरायला. उशाशी शेगडी ठेवू, पण झोपायच्या आधी ती बाहेर काढायची. खोकला आला तर त्याच दिवशी मला सांगायचं, दुसऱ्या दिवशी नाही."

"एवढं सगळं?" काकी म्हणाली. "बरं, पटलं."

"पटलं नाही तरी चालेल," मी म्हटलं, आणि पेटीतली बाबांची धोतरं काढायला घरात गेले. आत जाताना भीती वाटलीच. पेटी जुनी, कडी घट्ट बसलेली. ती निघेपर्यंत माझं लक्ष भिंतीकडे होतं.